नवव्या दिवसाचा उपक्रम

रंजनाने मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, पिशवीला गाठ मारली आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तो पार तळाशी नेऊन ठेवला. वरचं पीठ हाताने सारखं केलं, झाकण दाबून बसवलं आणि ओढणीला हात पुसत ती वळली, तर भाविका दारातच उभी.

"मम्मी, मोबाईल कुठे आहे?"

"तुना पप्पा लई ग्यात."

"पप्पांचा पप्पांकडे आहे. तुझा कुठे आहे?"

"तो बी लई ग्यात."

नऊ वर्षांची पोर. आईने अहिराणीत विचारलं की ही शाळेतल्या मराठीत उत्तर देणार, आणि भांडण हातघाईवर आलं की सरळ गुजरातीत शिरणार. आजही ती तोंड उघडणार, तेवढ्यात डबा वाजायला लागला. आधी घूंऽ घूंऽ झालं, मग आतून देवीचं गाणं सुरू झालं. दोघी डब्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"पीठ बोलतंय," भाविका म्हणाली, आणि हसली मात्र नाही.

हे सगळं सुरू झालं ते चष्म्याच्या नंबरावरून. एप्रिलच्या शेवटी रंजना तिला डोळे दाखवायला घेऊन गेली होती. मागच्या वर्षीचा नंबर अडीच होता, तो पावणेचारवर गेला होता. डॉक्टरबाई गुजराती, बोलायला गोड, पण त्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि रंजनाकडे बघून सांगितलं, की असाच वाढत गेला तर पुढे नुसत्या चष्म्याने भागणार नाही, पोरीचा डोळाच आतून कमजोर होईल. "मोबाईल बंध करो, बेन," त्या म्हणाल्या. आपला तळहात त्यांनी डोळ्यांसमोर धरला आणि मग हात लांब करत दूर नेऊन दाखवला. पोरीला उन्हं उतरल्यावर बाहेर खेळू द्या, असंही सांगितलं. रंजनाने मान डोलावली. तिच्या डोक्यात एकच वाक्य घट्ट बसलं, मोबाईल बंद.

मोबाईल बंद करणं सोपं होतं. पण बंद केल्यावर पोरीने करायचं काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. दरवर्षी सुट्टी लागली की दोघी शिंदखेड्याकडच्या गावी जायच्या. तिथे मळा होता, शेळ्या होत्या, चुलत भावंडांचं लटांबर होतं. यंदा कापडाच्या लूमवरचे ओडिशाचे कारागीर लग्नसराईला म्हणून घरी गेले ते परतलेच नव्हते, आणि शेठने तिच्या नवऱ्याला, वाल्मिकला, हात जोडून थांबवून घेतलं होतं. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला भाकरी कोण घालणार? म्हणून रंजना थांबली, आणि ती थांबली म्हणून भाविकाही. राहिली इथे गुजरातेत, लिंबायतमधली पहिल्या मजल्यावरची एक खोली. खाली गल्लीत दिवसभर टेम्पो आणि रिक्षा, वर तापलेली गच्ची, आणि मे महिना.

त्यात वर्गशिक्षिकेने यादी पाठवली. 'मोबाईलमुक्त सुट्टी : तीस दिवस, तीस उपक्रम.' पाठवली अर्थातच मोबाईलवर. आणि खाली जाड अक्षरांत सूचना होती, की रोजच्या उपक्रमाचा फोटो पालकांनी ग्रुपवर टाकावा. उपास करणाऱ्याला हलवायाच्या दुकानात बसवावं तसला हा प्रकार. रोज संध्याकाळी रंजना पिठातून मोबाईल उकरून काढायची, फोटो काढायची आणि भाविकाचा हात पोचायच्या आत पुन्हा पुरून टाकायची. त्या महिन्यात त्यांच्या भाकऱ्या कधी कमी पडल्या नाहीत, इतकं पीठ वरखाली झालं.

पहिला दिवस, गच्चीत पक्ष्यांसाठी पाणी ठेवा. गच्चीला घरमालकाचं कुलूप. खिडकीत वाटी ठेवली, ती कबुतरांनी खालच्या भिकनभाऊंच्या वाळत घातलेल्या पापडांवर पाडली. दुसरा दिवस, अंगणातली पाच प्रकारची पानं गोळा करा. अंगण म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागलं. शेवटी पिंपळ, तुळस, मेथी, कोथिंबीर अशी चार झाली, आणि पाचवं कोपऱ्यावरच्या टपरीतून आणलेलं खायचं पान. तिसरा दिवस, आजीकडून गोष्ट ऐका. आजी गावी. म्हणजे पुन्हा मोबाईलच. आजीने, म्हणजे कलाबाईने, स्पीकरवर पाऊण तास गोष्ट सांगितली. त्यातला अर्धा तास शेळी कशी हरवली याचाच होता, आणि शेळी खरीच हरवली होती.

रंजना मनापासून करत होती. पण कोणताही उपक्रम अर्ध्या तासात आटपायचा आणि दिवस तेरा तासांचा उरायचा. भाविका पलंगावर पालथी पडायची, सरळ व्हायची, पुन्हा पालथी पडायची. "मम्मी, आता काय करू?" हे ती दर पाच मिनिटांनी विचारायची. रंजनाच्या हातात तेव्हा साडी असायची. साडीवरून मान वर केली की ओळ चुकायची, आणि ओळ चुकलेली तिला आता परवडत नव्हती.

तिचं काम खडे चिकटवण्याचं. बाजारातून छापील साड्या गठ्ठ्याने यायच्या. नक्षीवर ठिपके असायचे. एकेका ठिपक्यावर डिंकासारख्या गमचा थेंब सोडायचा, मेण लावलेल्या काडीच्या टोकाने काचेचा बारीक खडा उचलायचा आणि थेंबावर बसवायचा. गल्ली त्या खड्यांना डायमंड म्हणायची. एका काठावर हजारभर डायमंड सहज. साड्या वाटायच्या पुष्पाबाई. त्याही मूळच्या दोंडाईच्याकडच्या. साडीवर कुणाचं नाव नसतं, चिठ्ठी नसते, पण पुष्पाबाई घडी उलगडून काठ उजेडाकडे तिरपा धरायच्या आणि सांगायच्या, हा अनुसयाचा हात, हा मंगलाबाईचा. गल्लीत बाईची ओळख तिच्या हातावरून.

दिवाळीपासून रंजनाचा हात बिघडला होता. हात म्हणजे खरं तर डोळे. ठिपका एकाचे दोन दिसायचे, आणि खडा दोन्हींच्या मध्येच कुठेतरी बसायचा. मार्चमध्ये पुष्पाबाईंनी तीन साड्या परत आणून दिल्या होत्या.

"तुना हात तिरपा पडी ऱ्हायना, रंजना. माले बी वर दखाडनं पडस. आखो परत उनी ना, ते मग मी काम दुसरीले देसू. राग मानू नको."

रंजनाने राग मानला नव्हता. पुष्पाबाई खोटं बोलत नव्हत्या. भाविका तेव्हा कोपऱ्यात कानात तारा घालून मोबाईल बघत बसली होती, हे रंजनाला पुढे पुष्कळ दिवसांनी आठवलं.

नववा दिवस आला. यादीत लिहिलं होतं, आईच्या कामात मदत करा.

आईचं काम म्हणजे भाजी निवडणं, घड्या घालणं असंच शिक्षिकेच्या मनात असणार. रंजनानेही आधी लसूण सोलायला दिला. तो दहा मिनिटांत सोलून झाला. "आता काय करू?" मग तिने ब्लाउजपीसचा एक फाटका तुकडा काढला, तडे गेलेले टाकाऊ खडे एका झाकणात ओतले, एक जुनी काडी दिली आणि म्हणाली, "हाई ले. चिटकाड तुले जशे चिटकाडनं तशे."

भाविका बसली. अर्धा तास झाला. तास झाला. रंजनाने दोनदा मान वर करून बघितलं, पोर जागेवरच. मोबाईलचं नाव नाही, पलंगावर लोळणं नाही. फडक्यावर एक मोर उमटत होता, पिसारा थोडा मोठा आणि पाय अजिबात नसलेला. संध्याकाळी फोटो ग्रुपवर गेला आणि दोन मिनिटांत शिक्षिकेचं उत्तर आलं. टाळ्या वाजवणारे चार हात, आणि 'उत्तम हस्तकौशल्य! इतर पालकांनीही आदर्श घ्यावा.' रंजनाला इतका आनंद झाला की तिने तो मेसेज वाल्मिकला जेवताना तीनदा वाचून दाखवला.

"दिनभर मोबाईल नही मांगा?" त्याने विचारलं.

"एकदाव बी नही."

"मग गई पीडा," तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला.

दहाव्या दिवशीची कागदाची होडी राहूनच गेली. भाविकाने पुन्हा खडे मागितले. अकराव्या दिवशी ती म्हणाली, "मम्मी, फडक्यावर ठिपके नाहीत, मज्जा येत नाही. पदराचा एक कोपरा करू?" रंजना नाही म्हणाली. मग डाळ उतू गेली म्हणून ती उठली, गॅस पुसला, हात धुतले, आणि परत आली तेव्हा कोपरा भरलेला होता. एकही खडा ठिपक्याबाहेर नव्हता. ओळ अशी सरळ, की जणू फूटपट्टी लावली होती. रंजनाने बोट फिरवून पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण तिला पोरीचं कौतुकच वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. असा कोपरा तिच्या हातून गेल्या वर्षभरात झाला नव्हता.

"बस झायं आते," ती एवढंच म्हणाली.

शनिवारी पुष्पाबाई साड्या न्यायला आल्या. त्यांनी घडी उलगडली, पदराचा कोपरा उजेडाकडे धरला आणि धरूनच ठेवला.

"हाऊ हात कोना शे?"

रंजनाने दुसरी साडी पुढे सरकवली. "मनाच शे."

पुष्पाबाईंनी साडीवरून नजर काढली आणि भाविकाच्या हातांकडे पाहिलं. अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर गम वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते. पुष्पाबाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, एखाद्या घरी पहिलं पीक चांगलं आलेलं पाहून बाई हसते तशा हसल्या.

"बरं शे माय. तुना घरमा आते दोन हात शेतस."

सोमवारी गठ्ठा आला तो दीडपट. लग्नसराई भरात होती, बाजारात माल पुरत नव्हता. रंजनाने दारात उभं राहून गठ्ठ्याकडे पाहिलं. एवढं मला झेपायचं नाही, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण झेपत नाही म्हटलं की काम दुसरीकडे जाणार, आणि गेलेलं काम परत येत नाही, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. तिने गठ्ठा आत ओढून घेतला. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं म्हणतात. इथे तर गणपती करताना सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

त्यानंतर रंजना काम कमी आणि भाविकाकडे जास्त बघू लागली. सुरुवातीला पोरीचं नाक आणि साडी यांच्यात वीतभर अंतर होतं. चार दिवसांनी ते वीतभर राहिलं नाही. एका दुपारी पोर कामात बुडालेली असताना रंजनाने हळूच आपली चार बोटं मध्ये धरून बघितली. चार बोटं जेमतेम मावली. तिला डॉक्टरबाईंचा तळहात आठवला. डोळ्यांपासून दूर दूर गेलेला. तो हात मोबाईलबद्दल सांगत होता, असंच ती इतके दिवस समजून चालली होती.

तिने पोरीच्या हातातली काडी काढून घेतली. भाविकाने कंपासपेटीतली पेन्सिल काढली, तिच्या टोकाला मेण लावलं आणि पुढे सुरू केलं. रंजनाने तिला खाली खेळायला पिटाळलं, तर लालबुंद होऊन ती दहा मिनिटांत परत. गल्लीत तिच्या वयाचं कुणी नव्हतं, सगळे गावी गेलेले. आली ती माठातलं पाणी प्यायली आणि साडीपाशी बसली. त्या रात्री रंजनाने वाल्मिकला सगळं सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकलं. लूमच्या आवाजाने त्याला हल्ली अर्धंच ऐकू यायचं, पण हे त्याला नीट ऐकू गेलं असावं, कारण त्याने उरलेली भाकरी तशीच बाजूला सारली.

"मी काय करू, सांग," तो म्हणाला. "शाळा चालू व्हयनी म्हंजे आपोआप सुटी जाई."

शाळा सुरू व्हायला अजून दोन आठवडे होते.

गुरुवारी पाच वाजता पुष्पाबाई येणार होत्या. एक भरजरी साडी नवरीकडची म्हणून तातडीची होती. तीन वाजून गेले तरी काठाची हातभर लांबी राहिली होती. उन्हाची झळ नको म्हणून रंजनाने खिडकीवर ओली चादर टाकली होती, आणि डोक्यावर एक ट्यूबलाईट जळत होती. भाविका वाकून बसली होती. चष्मा तिने काढून ठेवला होता. जवळचं चष्म्याशिवाय बरं दिसतं, असं तिचं म्हणणं.

रंजनाला ते बघवेना. तिने जाऊन पोरीच्या हातातली पेन्सिल हिसकावली.

"ऊठ! ऊठ म्हनस ना! आते एक डायमंड नही लावना. मी करसू उरेल काम."

भाविका उठली नाही. रडलीही नाही. तिने पेन्सिलसाठी हात पुढे केला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुझा तिरपा येतो, मम्मी."

रंजनाने पेन्सिल पाठीमागे धरली.

"पुष्पामावशी बोलली होती ना. अजून एक परत आली तर दुसरीला देणार. ही परत येईल मग." आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून तिने घाईघाईने जोडलं, "मला आवडतं. साचू. खरंच आवडतं."

म्हणजे त्या दिवशी कानात तारा होत्या, पण कान उघडेच होते. दोन महिने पोरीने हे पोटात ठेवलं होतं. आपण मोबाईल सोडवला, या ऐटीत रंजना महिनाभर वावरली होती. तिला रडू आलं. पोरीसमोर रडायचं नाही म्हणून पेन्सिल जमिनीवर टाकून ती माठाकडे वळली, पेला भरला आणि न पिता तसाच ठेवून दिला. भाविकाने तेवढ्यात जमिनीवरची पेन्सिल उचलली.

आणि लाईट गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. दुपार असूनही खोलीत अंधारलं. चादर बाजूला करावी तर झळ आत येणार, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, उजेड असा येऊन येऊन किती येणार. गल्लीत कुणीतरी ओरडलं, की डीपीवर भडका उडाला, आता तासभर तरी नाही.

रंजनाला मनातून हायसं वाटलं. आता देवानेच सुट्टी दिली होती. ती लगबगीने पिठाच्या डब्याकडे गेली, कोपरापर्यंत हात घातला, पिशवी काढली, दातांनी गाठ सोडली. मोबाईल ओढणीला पुसून, चालू करून, तिने स्वतःच्या हाताने भाविकाच्या मांडीवर ठेवला.

"ले. दख. काय दखनं ते दख. तास दख, दोन तास दख. मी काही बोलाव नही."

भाविकाने आईकडे बघितलं, मग मोबाईलकडे. तो उचलला. तिच्या चेहऱ्यावर निळसर उजेड पडला. रंजना भिंतीला टेकून खाली बसली. ज्या उजेडासाठी तिने महिनाभर पोरीशी वैर धरलं, तो तिच्या तोंडावर पडलेला बघून तिला बरं वाटत होतं. आपल्याला बरं वाटतंय याची लाज वाटत होती, तरी बरंच वाटत होतं. पुष्पाबाईंना काय सांगायचं ते ती मनात जुळवू लागली. लाईट नव्हती, हे तर खोटं नव्हतं.

भाविकाने अंगठ्याने काहीतरी दाबलं. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला आणि मोबाईलच्या पाठीमागून पांढरा झोत निघाला. तिने तो साडीवर टाकला. गमच्या बाटलीला टेकवून मोबाईल उभा केला, तो घसरला. पुन्हा उभा केला, पुन्हा घसरला. राहिलेल्या काठावरचे ठिपके एकदा उजळले आणि विझले.

"मम्मी," ती म्हणाली, आणि मोबाईल आईपुढे धरला. "तू पकड ना."

रंजनाने लगेच हात पुढे केला नाही. खाली गल्लीत कुणाची तरी मोपेड येऊन थांबली, आणि पुढे निघून गेली. मग तिने मोबाईल घेतला.

झोत काठावर पडला.

"हलवू नको."

रंजनाने दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरलं. भाविकाने पेन्सिलच्या टोकाने एक खडा उचलला आणि खाली वाकली.

"थोडं जवळ," ती म्हणाली.

रंजना सरकून जवळ बसली.